कुसुमआत्याचा पदर

आमच्या कुसुमआत्याचं डोकं लग्नाआधीच भादरलं होतं.

काल ती गेली. नव्वदीला टेकली होती, म्हणून सकाळपासून "सुटली बिचारी" असे मेसेज येतायत.
बिचारी म्हणू नका. तिने फोन ठेवून दिला असता.

कुसुमआत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. पन्नासच्या दशकात नाचणगावची ही शेतकऱ्याची पोर नर्सिंगच्या ट्रेनिंगला वर्ध्याला गेली. घरातली पहिलीच.

दुसऱ्या वर्षी तापाच्या वॉर्डात ड्यूटी लागली. एक खाट रिकामी झाली की दुसरा पेशंट दारात उभाच. अंग दुखत होतं, पण कामानं दुखत असेल म्हणून तिने कुणाला सांगितलं नाही.
मग एक दिवस चादर बदलता बदलता त्याच खाटेवर आडवी झाली.

मुदतीचा ताप. टायफॉइड.

जीव वाचला, पण केस मुठीमुठीनं गळाले. उरलेले दवाखान्यातच भादरले आणि तिला विश्रांतीसाठी घरी पाठवलं.

घरी आजी तिला आतल्या खोलीतून बाहेर येऊ देईना. बोडकी पोरगी लोकांना कशी दाखवायची?

आबाजी, म्हणजे माझे आजोबा, म्हणाले, "केस येऊ दे. मंग पाहू."
"तवरिक माही जागा जाईन ना, बा."
"जाऊ दे. नर्स होऊन कोनाचं भलं झालं?"
"ज्याले ताप आला त्याचं."

अंगात थोडी ताकद आल्याबरोबर ती भर दुपारी पिशवी घेऊन निघाली. पुलगाव स्टेशनपर्यंत पायी.
आजी मागे धावत होती. "डोक्यावर पदर तरी घे वो माय."
"काऊन? मी काय चोरी केली?"

वर्ध्यात मेट्रनबाईंनी अडवलं. नर्सची खळ केलेली टोपी अंबाड्याला पिना लावून बसवायची असते. हिला ना अंबाडा ना केस. "टोपीशिवाय वॉर्डात जाता येणार नाही. केस आले की ये."

आत्याने टोपीला दोन्ही बाजूंनी बँडेजच्या पट्ट्या शिवल्या, हनुवटीखाली गाठ मारली आणि पुन्हा बाईंसमोर उभी राहिली.
"पडली तं मले घरी पाठवा."

टोपी पडली नाही.

त्याच वॉर्डात हिंगणीची एक पेशंट केस गळतात म्हणून रडत होती. औषध घेईना, जेवेना. आत्याने तिच्यासमोर गाठ सोडली आणि टोपी काढली.
"पाह्य. मी मेली काय? दूध पे आता."
ती प्यायली.

पुढे केस आले, चांगले दाट आले. पण आत्याने ते कधी वाढवले नाहीत. जन्मभर कानापर्यंत. कुणी टोमणा मारला की त्याच आठवड्यात आणखी कापून यायची. मला तिचा हा खवचटपणा फार आवडायचा.

काल तिला न्यायच्या आधी नात्यातल्या एका काकूंनी तिच्या डोक्यावर पदर ओढला.
मी तो खाली केला.
त्यांनी पुन्हा ओढला. "बाईमाणूस आहे वो, झाकलेलं बरं."

मी पुन्हा खाली केला आणि हात तिथेच ठेवला.

"काऊन, काकू? तिनं काय चोरी केली?"

मग कुणी पदराला हात लावला नाही. माझी आत्या उघड्या डोक्यानं गेली. पांढऱ्याशुभ्र, कानापर्यंतच्या केसांनी.

आत्या, येजो.