बिळाकडची वाट

लांडगे वाचवायचं काम करतो, असं सांगताना आजही माझी जीभ अडखळते. कळंबच्या माळावर दोन वर्षं शोधून लांडगिणीचं बीळ सापडलं, आणि मी हुरळून पिल्लांचे फोटो काढायला रोज जाऊ लागलो. आठवड्यात गवतात माझ्या पायांची वाट पडली. त्याच वाटेनं गावची कुत्री आली. एक पिल्लू फाडलेलं पडलं होतं. बाकीची घेऊन लांडगीण निघून गेली होती.

माळावर मेंढरं चारणाऱ्या म्हाताऱ्या तात्यांना ते बीळ आधीपासून माहीत होतं, हे कळल्यावर मी त्यांच्यावर उगाच डाफरलो, "बीळ ठाऊक होतं, तर मला आधीच का नाही सांगितलंत?"

लांडग्यांनी त्यांची कितीतरी कोकरं नेली होती.

"पिल्लं असली की आमी मेंढरं लांबनं वळसा घालून नेतो," तात्या म्हणाले. "तुमाला सांगितलं असतं, तर तुमी बघाय आला असता."