तात्याजींची बरणी

तात्यारावांच्या खोलीत शिरायचं म्हणजे माणसाला अर्धा संन्यास घ्यावा लागे. घड्याळ, किल्ल्या, कडं, केसांतल्या पिना, सगळं दाराबाहेरच्या प्लास्टिकच्या टोपलीत. एका पाहुण्या प्रोफेसरांना त्यांनी पट्टा काढायला लावला होता आणि प्रोफेसरांनी संपूर्ण व्याख्यान एका हाताने पँट धरून दिलं होतं.

इंदूरच्या एका संशोधन संस्थेत चुंबकत्व मोजण्याचं यंत्र चालवायचं, ही त्यांची एकतीस वर्षांची नोकरी. दोन मोठ्या चुंबकांच्या मधोमध नमुना थरथरवायचा आणि तो किती चुंबकीय आहे ते मोजायचं. नमुना चिमटीतही येणार नाही एवढा. त्यात लोखंडाचा डोळ्यांना न दिसणारा चुरा गेला तरी आकडा खोटा येतो. म्हणून त्यांचे चिमटे बांबूचे, स्वतः तासलेले. कात्री सिरॅमिकची, बशीसारखी पांढरी. आजोबा महूच्या पलटणीत हवालदार होते आणि त्यांच्या बुटांत बघून शेजारी दाढी करत, असं घरात सांगतात. नातवाने बूट सोडले, शिस्त तेवढी उचलली.

खिडकीत लोणच्याची एक मोठी बरणी होती. नियम मोडून आत आलेली प्रत्येक वस्तू नावाच्या चिठ्ठीसकट तिच्यात जाई. विभागप्रमुख हृषीकेश सरांचा स्टीलचा चमचासुद्धा तिथे होता: ‘डॉ. हृषीकेश. कारण: घाई.’ बरणीत गेलेली वस्तू पुन्हा बाहेर येत नसे. सरांनी चमचा तीनदा मागितला होता.

त्या वर्षी सरांची विद्यार्थिनी स्वानंदी निकेलचे पोकळ गोळे बनवत होती. प्लास्टिकचे अतिसूक्ष्म मणी घ्यायचे, त्यांच्यावर निकेलचा पातळ थर चढवायचा, मग आतलं प्लास्टिक विरघळवून टाकायचं. उरतं ते निकेलचं टरफल. मोहरीच्या एका दाण्याच्या जागेत असे अब्जावधी मावतील. नेहमीचं चुंबकाने फिरणारं ढवळणं इथे चालत नसे, कारण सगळे गोळे त्या चुंबकालाच जाऊन बिलगत. म्हणून पोरगी काचेची कांडी घेऊन तासन्‌तास हाताने ढवळत बसे.

“तात्याजी, चार वर्षं झाली. आई म्हणते, एवढ्या वेळात तर श्रीखंडाचं दुकान काढलं असतंस.”

“आणि ते भरीव निघालं असतं,” तात्याराव म्हणाले.

गुरुवारी ती नमुना घेऊन आली. नमुना कॅप्सूलमध्ये भरून वरून नळाला गुंडाळतात ती पांढरी टेप नीट कापून लावायची असते. नेमकी तेव्हाच सिरॅमिकची कात्री तात्यारावांच्या हातून पडली आणि तिचं टोक उडालं. नवी यायला पंधरा दिवस. स्वानंदीचा चेहरा उतरला. शनिवारी दुपारी बारापर्यंत सरांना पेपर पाठवायचा होता.

तात्यारावांच्या पिशवीत त्यांच्या पत्नीची, गिरिजाबाईंची, शिवणाची कात्री होती. सकाळीच मल्हारगंजातून धार लावून आणलेली. टेप काय, एकदाच तर कापायची. त्यांनी पाठ वळवली आणि कापली.

आकडा आला एकसष्ट.

भरीव निकेलचा पंचावन्न असतो. तेवढ्याच वजनाच्या पोकळ गोळ्यांचा कमी यायला हवा, कारण टरफलाच्या पृष्ठभागावरचे अणू नीट साथ देत नाहीत. हा तर जास्त! हृषीकेश सर धावत आले, घड्याळासकट आत आले, आणि तात्यारावांनी त्यांना काहीही म्हटलं नाही. ही गोष्ट तेव्हाच कोणाच्या तरी ध्यानात यायला हवी होती.

“भिया, कमाल झाली!” सर अस्सल इंदुरी सुरात म्हणाले. “पोकळ, आणि भरीवापेक्षा जोरदार! तात्याजी, मोजमाप तुमचं आहे म्हणजे शंकाच नाही.”

हे शेवटचं वाक्य तात्याराव सुदामा नगरातल्या घरापर्यंत बरोबर घेऊन गेले.

“अहो, माझी कैंची?” गिरिजाबाईंनी दारातच विचारलं. “नातीच्या फ्रॉकचं कापड सकाळपासून पडलंय. आणली, की भूल गये?”

त्यांनी कात्री काढली. पात्यांवर, बिजागरीशी, धार लावताना उडालेली करडी पूड होती. तात्यारावांनी फ्रिजवरचा लोहचुंबक उपटला, पूड कागदावर झटकली आणि खालून चुंबक फिरवला. पूड सरळ उभी राहिली, आजोबांच्या पलटणीसारखी.

“काय झालं? चेहरा का असा?”

“कैंची उद्या परत न्यावी लागेल.”

“फिर से? धार लागली नाही का?”

“लागली. जरा जास्तच लागली.”

शुक्रवारी सकाळी त्यांनी एक रिकामी कॅप्सूल घेतली, त्याच कात्रीने टेप कापून लावली आणि यंत्रात ठेवली. आत काहीच नव्हतं, आणि यंत्र चुंबकत्व दाखवत होतं. मग दुसऱ्या रिकाम्या कॅप्सूलला टेप नुसती हाताने तोडून लावली. यंत्र गप्प.

निवृत्तीला दोन महिने होते. कात्रीबद्दल त्यांच्याशिवाय कोणालाच माहीत नव्हतं. ते दहा मिनिटं खुर्चीत बसले आणि मग त्यांनी सरांना व स्वानंदीला बोलावून दोन्ही आलेख समोर ठेवले.

“कोणी कापली टेप?” सरांनी विचारलं.

“मी.”

“तुम्ही?” सरांना राग यायला हवा होता, पण आश्चर्यानेच सगळी जागा अडवली.

स्वानंदीचे डोळे भरले होते, पण तिने बाटलीतून उरलेला नमुना काढला आणि टेप दातांनी तोडायला निघाली.

“थुंकी नको,” तात्याराव ओरडले. “हाताने!”

आकडा आला सदतीस. स्वानंदीने तो दोनदा मोजून घेतला.

“तात्याजी, हा बरोबर आहे ना?”

“हा बरोबर आहे.”

“कमी आला.”

“पोकळ आहे म्हटल्यावर कमीच येणार. तुझे गोळे खरोखर पोकळ झालेत, पोरी.”

सर खिडकीशी उभे होते. “एकसष्टचा पेपर गाजला असता,” ते हळूच म्हणाले. “आणि सहा महिन्यांनी कोणीतरी पुन्हा मोजून आपल्याला गाजवलं असतं. सदतीसचा लिहा, स्वानंदी. मुदत हुकली तर हुकली.”

मग तात्यारावांनी बरणी काढली. चिठ्ठी लिहिली: ‘तात्याराव, वरिष्ठ तंत्रज्ञ. कारण: एकदाच तर कापायची.’ कात्री बरणीत पुरी मावेना, मुठी बाहेर राहिल्या.

“अहो, घरची वस्तू आहे, घेऊन जा,” सर म्हणाले. “वहिनी काय म्हणतील?”

“मग तुमचा चमचाही द्यावा लागेल.”

सरांनी एक क्षण आशेने बरणीकडे पाहिलं. तात्यारावांनी ती उचलून खिडकीत, जागच्या जागी ठेवली.

संध्याकाळी ते नवी कात्री घेऊन घरी गेले. गिरिजाबाईंनी सगळं ऐकून घेतलं, नवी कात्री हातात तोलली आणि शिवणाच्या डब्यात ठेवून डब्याला कुलूप लावलं.

“ही तुमच्या हाताला नाही लागणार,” त्या म्हणाल्या. “धार लावायला मीच जाईन.”