ट्रॅक्टरशेजारी लॅपटॉप

आमच्या ब्राह्मणपुरी गावात शेजारची सून सुरतेच्या बिल्डरांसाठी बंगल्यांची थ्रीडी चित्रं बनवते. लॅपटॉप घेताना दुकानदाराने तिला हलका, नाजूक दाखवला. हिने सगळ्यात दणकट उचलला. भर उन्हाळ्यात पंख्याचं तोंड त्या लॅपटॉपकडे आणि ही घामाघूम!

दसऱ्याला अंगणात ट्रॅक्टर आणि फवारणीपंप पूजेला मांडले होते. हिने लॅपटॉप आणून मधोमध ठेवला.

"हाई खेळनं आठे कसाले?" सासरे गुरगुरले.

"आबा, मन्हं औत हाईच शे," म्हणत तिने झाकणावर ट्रॅक्टरवरच्यासारखंच कुंकवाचं ठसठशीत स्वस्तिक काढलं.

परवा ती सुरतेला मीटिंगला निघाली, तेव्हाही ते तसंच होतं. पुसून जा, तिथे हसतील, असं मी म्हटलं.

"हसू द्या, काकू. ट्रॅक्टरवरनं कोन पुसस?"