आडव्या सायकलवरचा जावई

बायकोने माझ्या सायकलची सीट खाली घेतली, तेव्हा मी आत पलंगावर पडलो होतो. पोर्चमधून पान्याचा आवाज आला. नांदगाव पेठच्या एका कापड कारखान्यात मशिनी दुरुस्त करण्यात माझा जन्म गेला, त्यामुळे पाना कुठे लागला हे मला उठून बघावं लागत नाही. त्या सीटची उंची मी वर्षानुवर्षं जमवत आणली होती. तिने ती एका मिनिटात मोडली.

"सायकल गंजून चालली होती, म्हनून काढली," ती दारातून म्हणाली. "राग आला काय?"

"मले कायचा राग?"

राग नव्हताच. पोटात दुखत होतं. माझ्या मणक्यातली गादी सरकली होती आणि डॉक्टरांनी सांगितलं होतं, सायकल आता विसरा. हे सांगताना ते स्वतःच्या खुर्चीत गोल फिरत होते, त्याचाही मला हेवा वाटला होता.

आधी ती अमरावतीतल्याच छत्री तलावापर्यंत जाऊन यायची. मग वडाळी. मग सकाळी जाणाऱ्या बायकांची टोळी तिला सापडली, आणि आमच्या घरात पंक्चर, गिअर, हेडविंड असे शब्द तिच्या तोंडून ऐकू यायला लागले. हे शब्द माझे होते. परत आली की ती दोन भाकरी जास्त खायची आणि दुपारी गाढ झोपायची. मी कमरेला पट्टा बांधून तिच्या पोटऱ्यांकडे बघत बसायचो. बाकी नवरे बायकोच्या पोटऱ्यांकडे कशासाठी बघतात ते मला माहीत आहे. मी जळून बघायचो.

त्याहून वाईट होतं तिचं माझ्याकडे बघणं. मी उठलो, बसलो, चपलेत पाय घातला, की तिची नजर आधी माझ्या कमरेवर जायची. शेगडीवरच्या दुधाकडे बघावं तशी. प्रेमानेच बघायची, पण त्या नजरेत नवरा नव्हता, पेशंट होता. तेवढी एक नजर मला बदलायची होती, बाकी काही नको होतं.

हिवाळ्यात ती अमरावतीहून अकोल्याला, म्हणजे तिच्या माहेरी, सायकलने गेली. मी मागून बॅगा घेऊन एसटीने. लग्न झाल्यापासून त्या दारात पहिलं पाणी माझ्या हातावर पडत आलं होतं. त्या दिवशी मी पोचलो तेव्हा अख्खी गल्ली तिच्याभोवती जमलेली. सासूबाई तिची दृष्ट काढत होत्या. मी बॅगा घेऊन फाटकात उभा. शेवटी त्यांचं लक्ष गेलं आणि त्या कळवळून म्हणाल्या, "जवाईबुवा, तुमी आंग टाका. तक्या देऊ काय?"

तो तक्या मला जो लागला तो लागलाच. अमरावतीला परत येताना एसटीतच मी ठरवलं की झोपून चालवायची सायकल बनवायची. अशा सायकली असतात हे मी मोबाईलवर पाहिलं होतं. पाठ मागे टेकलेली, पाय समोर लांब, कमरेवर भार नाही.

दोन जुन्या सायकली कापल्या. मागचं चाक मोठं, पुढचं लहान पोरांच्या सायकलचं. पेडल पुढच्या चाकाच्याही पुढे, त्यामुळे तीन साखळ्या जोडून एक करावी लागली. बैठक पाइपची, तिच्यावर बाजेसारखी नवार विणली. पहिल्या खेपेला गुडघे हँडलला लागायला लागले, मग फ्रेम कापून पुन्हा वेल्डिंग केलं. मागच्या चाकात मोटर आणि बैठकीखाली बॅटरी. मोटर कशाला, असं लोक विचारायचे. मी सांगायचो की झोपून चालवताना चढावर उभं राहून जोर मारता येत नाही. हे खरं आहे. पण बायकोने मला मागे टाकू नये, हे त्याहून खरं होतं.

शिकताना मी महिनाभर पडलो. आडवी सायकल हळू चालवली की उभीच राहत नाही. कॉलनीच्या मैदानात मी धाडकन आडवा व्हायचो, आणि ती हातातलं काम टाकून पळत यायची, "कंबर! कंबर!" असं ओरडत. जमिनीपासून मी जेमतेम दीड हातावर असायचो, लागायचं काही नाही. लागायचं ते तिचं ओरडणं.

मग धोंड्याचा महिना आला. तीन वर्षांनी एकदा येणारा हा अधिक महिना म्हणजे जावयांची चंगळ. सासरी बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, अनारशांचं वाण द्यायचं. ऐन उन्हाळ्यात आला होता. सासूबाईंचा फोन आला, "एसटीनं नोका येऊ, गाडी करा." मी म्हटलं, सायकलने येतोय. मग, "पोरीले फोन द्या."

उजाडता उजाडता निघालो. अकोला पश्चिमेला, म्हणून सूर्य पाठीशी. ती माझ्या जुन्या सायकलवर, मी शेजारी झोपून. बडनेरा मागे पडलं आणि मला जाणवलं की ट्रकवाले, दुधवाले, सगळे माझ्याकडे बघताहेत, तिच्याकडे कोणीच नाही. किती दिवसांनी! मी उगाच घंटी वाजवत होतो.

मूर्तिजापूरला चहाला थांबलो. गर्दी जमली. मी सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात एकाने तिला विचारलं, "भाऊले कवापासून असं हाये जी?"

"दोन वर्सं झाले," ती सरळपणे म्हणाली. "कमरेचं हाये."

एका म्हातारीने तिच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. "बाप्पा! आजारी नवऱ्याले घेऊन एवढ्या उनाची निंघाली माय!" एकाने तिच्या हातात केळी ठेवली. "यायलेबी खाऊ घाला."

"मी स्वतः चालवून राहिलो!" मी ओरडलो. "मीच बनवली हे गाडी!"

"हो हो, भाऊ. बसा, बसा."

ती केळी खात होती. तिच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं आणि ते मी पाहिलं. मोटर फक्त उड्डाणपुलांवर लावायची असं मी स्वतःला बजावलं होतं. मूर्तिजापूरच्या बाहेर पडताच मोटरची मूठ पूर्ण पिळली. आरशात ती लहान लहान होत गेली आणि मला इतकं बरं वाटलं की लाज वाटायलाही वेळ लागला. बोरगाव मंजूला कडुनिंबाखाली थांबलो. ऊन आता वरून थेट तोंडावर येत होतं, तर तोंडावर दुपट्टा घेऊन पडलो. ती आली, घटाघटा पाणी प्यायली. का पळालात, असं एका शब्दाने विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, "कंबर कशी हाये?"

अकोल्यात सासूबाई ताट घेऊन दारात उभ्याच होत्या. महिना धोंड्याचा, तेव्हा ओवाळायचं जावयालाच. पहिलं पाणी माझ्या हातावर, कुंकू माझ्या कपाळाला. लेकीला त्या म्हणाल्या, "तू अंदर जाय, धोंडे उकडाचे रायले." आणि इतका रस्ता पायांनी तुडवून आलेली ती बाई पदर खोचून स्वयंपाकघरात गेली. मला वाईट वाटायला हवं होतं. मला आनंद झाला.

पण पाट मांडला होता जमिनीवर. मी वाकलो आणि अर्ध्यातच अडकलो. खुर्ची आणा, तक्या आणा, अशी धावाधाव सुरू झाली. तक्या म्हटल्यावर माझं डोकं फिरलं. मी माझी गाडी बैठकीच्या खोलीत आणवली, स्टँडवर लावली आणि तिच्यावर जाऊन पडलो. सासूबाईंनी अनारशांचं ताट माझ्या मांडीवर ठेवलं. शेजारणी खिडकीतून बघत होत्या. मानपान सगळा झाला, आणि आतून बायकांचं हसणं ऐकू यायला लागलं. ती रस्त्याची हकीकत सांगत होती. मागे लागलेलं कुत्रं, समोरचा वारा, म्हातारी. तिच्याजवळ सांगायला रस्ता होता. माझ्याजवळ अनारसे होते. मी पुन्हा जळायला लागलो.

ऊन उतरल्यावर गाडी पुन्हा गल्लीत काढली, तशी ती बाहेर आली. "मले पाहू द्या एकडाव."

पाय पुरत नाहीत, तू पडशील, हळू वेगात ती उभी राहत नाही, असं मी सगळं सांगितलं. ती गाडीवर पुढे सरकून बसली आणि निघाली. थोडी डुलली, सावरली, आणि गेली. मी महिनाभर आपटलो होतो! गल्ली टाळ्या वाजवत होती. ती पडावी असं मला मनापासून वाटलं. लागू नये, पण पडावी. ती नाही पडली. देवळापाशी वळून भर्रकन आली, चेहरा लाल, केस सुटलेले.

"लय भारी हाये जी हे! घरी जाताना मी हिच्यावर येतो. तुमी सायकलनं या."

सासूबाईंचा हात तोंडावर गेला. त्या काही बोलणार, तोच मी मानेने नाही म्हटलं. बायको ब्रेकची तार बोटाने चाचपत होती, घाम पुसत होती. आपण काय बोलून गेलो हे तिच्या गावीही नव्हतं. माझ्या कमरेकडे तिने बघितलंच नव्हतं.

"चालते," मी म्हटलं. "पन मोटर लावाची नाई, सांगून ठेवतो."

"काहून?"

"मंग मी मांगं राहीन ना."