टच बिघडलाय म्हणून सांग

माझ्या दुकानात फोन घेऊन येणारं प्रत्येक माणूस एकच प्रश्न विचारतं, दुरुस्त करू की नवा घेऊ? आणि बहुतेक जण मनात ठरवूनच आलेले असतात. ज्याला नवा घ्यायचा असतो त्याला माझ्या तोंडून फक्त "यात आता काही राम नाही" एवढं हवं असतं, म्हणजे घरी जाऊन माझं नाव पुढे करायला तो मोकळा. ज्याला जुना सोडवत नाही तो, मी काही बोलायच्या आत, "तसा चांगला आहे हो अजून" म्हणून वकिली सुरू करतो. म्हणून मी आधी माणूस बघते आणि मग फोन उघडते. माझे भाऊजी आले तेव्हा मात्र मी थेट फोनच उघडला. घरच्या माणसाकडे काय बघायचं, असं वाटलं.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. चौकापलीकडच्या शिलाईच्या मोठ्या दुकानात ते कटिंग मास्टर आहेत. शिवणारे कारागीर मागच्या खोलीत मशिनींवर बसतात आणि भाऊजी पुढे, उंच लाकडी टेबलाशी उभे असतात. आलेलं कापड पहिल्यांदा त्यांच्या हाताखालून जातं. चुकलेली शिवण उसवता येते, चुकीचं कापलेलं कापड कुणाच्या बापालाही जोडता येत नाही, हे ते दर नव्या कारागिराला ऐकवतात. गिऱ्हाईक दारातून आत येईपर्यंत त्याचा कुठला खांदा उतरता आहे ते यांना कळलेलं असतं. माझ्या नवऱ्याला पहिल्यांदा भेटले आणि घरी जाऊन ताईला म्हणाले, "माणूस बरा आहे, फक्त डावीकडे झुकतो." माझा नवरा अजूनही आरशासमोर उभा राहून खांदे तपासतो.

माणूस एकदम टापटीप. संध्याकाळी घरी निघतानाही शर्टाची इस्त्री मोडलेली नसते. राग नाकावर, पण चहा येईपर्यंत उतरलेला. वाकडं म्हणून काही खपत नाही. आमच्याकडे आले की आधी भिंतीवरचं कॅलेंडर सरळ करणार, मग पाणी मागणार. मी त्यांना चिडवते, "भाऊजी, तुम्ही झोपता तरी सरळ रेषेत का?" तर म्हणतात, "तुझ्या ताईला विचार, मेव्हणीबाई. सगळी चादर तीच ओढते."

तर या माणसाचा फोन. परगावी नोकरीला असलेल्या मुलाने, म्हणजे माझ्या भाच्याने, हौसेने पाठवला होता. आधी भाऊजींकडे बटणांचं डबडं होतं. नवा फोन सुरुवातीला नीट वागला आणि मग त्याला काय चळ लागला कोण जाणे. भल्या पहाटे दुकानाच्या मालकाला व्हिडिओ कॉल गेला. मालकाने घाबरून उचलला तर समोर भाऊजींच्या नाकपुड्या. ओळखीचं कुणी वारल्याचा निरोप आला, त्यावर यांच्याकडून टाळ्या वाजवणारं चित्र गेलं. ताईला घराबाहेर तोंड दाखवायची सोय राहिली नाही. मला तर सारखाच फोन यायचा. उचलला की पलीकडून कंटाळलेला आवाज, "मी नाही लावला गं, त्यानेच लावला." आम्ही सगळे पोट धरधरून हसायचो.

आपोआप टच होणं हा आमच्या धंद्यातला नेहमीचा आजार आहे. काच बिघडली की कुणी बोट न लावताही फोनला बोट लागल्यासारखं वाटतं. मी काच बदलून दिली. दोन-चार दिवस बरे गेले आणि पुन्हा तेच. मग ज्याच्याकडून मी काचा घेते त्याला फोन लावून मी त्याची खरडपट्टी काढली. भाऊजी बाजूला बसून म्हणत होते, "जाऊ दे गं, त्याचा बिचाऱ्याचा काय दोष." यांना परक्या माणसाची एवढी माया कधीपासून फुटली, असं मनात आलं खरं. पण माझं डोकं तापलेलं होतं आणि ते तिथेच राहिलं.

मग एक दिवस तो फोन टेबलावरून फरशीवर पडला. काचेच्या चिरफळ्या झाल्या आणि वर फ्रेमचा एक कोपरा मुडपला. ताई भाऊजींना घेऊन माझ्याकडे आली ती निकाल ऐकायच्या तयारीने.

"आता सोडा याचा नाद," ताई म्हणाली. "नाही तरी येडा झालाच होता तो."

ताईच्या फोनमधून भाचाही हजर होता. "बाबा, मी नवा पाठवतो ना. मावशी, तू सांग त्यांना."

मी फोन उलटापालटा करून बघितला. आतला बोर्ड शाबूत होता, पण फ्रेम वाकली की नवी काच नीट बसत नाही, कडेने उचलली जाते. मी सरळ सांगितलं, "भाऊजी, नवा घ्या. हा आता दर थोड्या दिवसांनी मला तोंड दाखवायला येईल."

"दुरुस्त कर," भाऊजी म्हणाले.

"अहो, पण ती सांगतेय ना..."

"एका कोपऱ्याला पोचा आला म्हणून वस्तू फेकायची का? मी सल्ला विचारायला आलो नाही. दुरुस्त करायला आलोय."

हे त्यांनी असं काही म्हटलं की भाच्याने "बरं, ठेवतो" म्हणून फोन बंद केला. ताईने माझ्याकडे बघून कपाळाला हात लावला. "संध्याकाळी येते मी," असं म्हणून ती तरातरा निघून गेली. भाऊजींना त्या दिवशी सुट्टी होती. ते स्टुलावर बसून राहिले.

मी फ्रेम गरम करून, हळूहळू दाबून, जमेल तितकी सरळ केली आणि वर नवी काच बसवली. आईच्यान, छान बसली. मग मी टच तपासायची चाचणी लावली. यात पडद्यावर बारीक चौकोन येतात आणि बोट जिथून जाईल तिथले चौकोन हिरवे होत जातात. ही चाचणी मी गिऱ्हाइकालाच करायला लावते, म्हणजे नंतर कुणी भांडायला येत नाही.

"भाऊजी, या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात बोट ओढा. रेघ मारल्यासारखं. तुम्हाला काय सांगायचं त्यातलं."

त्यांनी बोट ओढलं. हिरवी रेघ उसवलेल्या दोऱ्यासारखी, वेडीवाकडी गेली. मी काचवाल्याला एक शिवी हासडली, फोन माझ्याकडे ओढला आणि स्वतः बोट फिरवलं. रेघ सरळ. "पुन्हा करा," मी म्हटलं. पुन्हा वाकडी. मी पुन्हा केली, सरळ. तेव्हा कुठे माझी नजर काचेवरून उठून त्यांच्या बोटाकडे गेली.

भाऊजींनी हात खिशात घातला.

मी स्क्रूड्रायव्हर उचलला आणि परत ठेवला. शेवटी विचारलं, "कधीपासून?"

"थंडी सरत आली होती तेव्हा," ते म्हणाले. आणि मग, कुणी विचारायचीच वाट बघत असल्यासारखे, बोलत सुटले. "कात्री हातात असली की काही होत नाही बघ. जड आहे ना ती, हाताला धरून ठेवते. खडूने आखताना मनगट टेबलावर टेकलेलं असतं, तेव्हाही नाही. हात अधांतरी राहिला की सुरू होतं. सुईत दोरा ओवायचा झाला तर मी चष्म्याचं नाव सांगतो."

"एखादं कापड बिघडलं का?"

"अजून नाही." यातला 'अजून' त्यांनी सावकाश म्हटला.

"डॉक्टर?"

"डॉक्टर काहीतरी नाव देणार. नाव मिळालं की ते सगळ्यांना सांगावं लागणार." त्यांनी काउंटरवरच्या फोनकडे बघितलं. "हा फोन बरा होता गं. काही झालं की याच्या माथी मारता यायचं. तूच म्हणालीस, टच बिघडलाय. मी म्हटलं, वा, सुटलो. उद्या नवा कोरा फोन आला आणि तोही असाच वागला, तर मग मी कुणाचं नाव सांगू?"

मला एकदम काचवाल्याची आठवण झाली, पण हसू आलं नाही. म्हटलं, "मालक वाईट माणूस नाही, भाऊजी."

"वाईट नाही म्हणूनच तर. मला कुणी काढणार नाही. आधी मखमल दुसऱ्याकडे जाईल. मग कोट जातील. मग म्हणतील, मास्टर, तुम्ही पुष्कळ केलंत, आता बसा. आणि मला गल्ल्याशेजारी खुर्ची देतील, पंख्याखाली. येणाऱ्या-जाणाऱ्याला या-बसा करायला. मला त्या खुर्चीची भीती वाटते."

या माणसाच्या तोंडून भीती हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला.

"तू एवढंच कर," ते म्हणाले. "टच अजून जरा बिघडलेला आहे, पण चालून जाईल, नवा घ्यायची गरज नाही, असं ताईला सांग. ती तुझं ऐकते."

चांगल्या फोनला वाईट म्हणायचं नाही, हे मी दुकान उघडल्यापासून पाळलंय. त्याच्यावरच माझी भाकरी आहे. शिवाय ताई माझी सख्खी बहीण. नाही म्हणायला मी तोंड उघडलं आणि बाहेर आलं, "बघते." आमच्या घरात 'बघते' म्हणजे 'हो' हे त्यांनाही ठाऊक होतं.

संध्याकाळी ताई आली ती काखेत खोका घेऊन. तिने कुणाच्या निकालाची वाट बघितलीच नव्हती. परस्पर दुकानात जाऊन नवा फोन उचलून आणला होता.

"घ्या. वाद मिटला," खोक्यातला फोन, वायर सगळं काउंटरवर काढत ती म्हणाली. "सिम टाका आणि लावा बघू मला फोन यावरून." आणि स्वतःचा फोन हातात धरून, तो वाजायची वाट बघत समोर उभी राहिली. रागावलेली होती, पण त्या खोक्याचं तिला कौतुकही होतं. ते मला दिसत होतं आणि म्हणून जास्तच जड जात होतं.

मी घाईघाईने मध्ये पडले. "अगं ताई, कशाला आणलास? जुना झालाय नीट. म्हणजे टच जरा... अगदीच तसा नाही, पण थोडासा..."

"थोडासा काय?"

"म्हणजे चालतो. पण बिघडलेला आहे. पण चालतो."

भाऊजी माझ्याकडे बघत होते. वाकडी शिवण बघावी तसं तोंड करून म्हणाले, "राहू दे. तुला नाही जमत."

मग ते उठले, काउंटरवर हात पुढे केला आणि बोटं पसरून तो ट्यूबच्या उजेडात तसाच अधांतरी धरला. हात हलत होता. फार नाही, पण एकदा दिसल्यावर नजरेआड करता येणार नाही इतका.

"टच चांगला आहे," ते ताईला म्हणाले. "नव्याचाही चांगलाच असेल. बिघाड इथे आहे."

ताईने तो हात बघितला. रडली नाही, ओरडली नाही. विचारलं, "डॉक्टरला दाखवलंत?"

"नाही."

"उद्या जाऊ. मालकांना सांगितलंत?"

"सांगतो. ते खुर्ची देतील."

"दिली तर बघू. आधी त्यांच्यासमोर एक कोट कापा आणि मग सांगा." मग ती माझ्याकडे वळली. "जुन्यात काही बिघाड नाही ना?"

"काही नाही."

"मग तोच राहू दे. हा परत करू. त्या बिचाऱ्याला उगीच येडा म्हटलं आपण."

ती नवा फोन खोक्यात ठेवायला लागली. आधी वायर घातली, ती बसेना. परत काढली, गुंडाळली, पुन्हा घातली. झाकण लावता लावता, वर न बघता म्हणाली, "पाण्याचा ग्लास आपटता, ते म्हणूनच का?"

"आपटत नाही. ठेवताना हलतो, म्हणून पटकन ठेवतो."

"आणि ताट घेऊन आतल्या खोलीत जाता ते?"

"सांडतं गं."

ताई खोक्यावर हात ठेवून उभी राहिली. "मला वाटलं, तुम्हाला माझा कंटाळा आलाय," ती म्हणाली. "माझं तोंड बघायला नको म्हणून आत जाता. इतके दिवस मी आठवून आठवून बघतेय, माझं काय चुकलं."

मखमल, कोट, खुर्ची, सगळ्याचा भाऊजींनी हिशेब मांडला होता, आणि घरात रोज समोर बसणारी बायको त्यांच्या ध्यानीमनीही नव्हती. मला त्या घटकेला त्यांचा भयंकर राग आला आणि त्यांच्याकडे बघवेनाही. मी पलीकडच्या हॉटेलात तीन चहा सांगितले.

चहा आला. भाऊजींनी कप उचलून वळायला सुरुवात केली, भिंतीकडे. ताईने त्यांचा दंड धरला आणि त्यांना आपल्याकडे तोंड करून बसवलं. "इथेच प्या," ती म्हणाली.

कप ओठांपर्यंत जाताना हलला आणि चहा कडेवरून सांडला. ताईने खाली बशी धरली होती. त्यांचा चहा होईपर्यंत तिने ती तशीच धरली, आणि मग बशीत पडलेला चहा स्वतः पिऊन टाकला.