स्टिअरिंगचं अंगडं

आमच्या ह्यांनी आयुष्यात एकच शोध लावला आणि तोही माझ्या अंगाशी आला.

हे इलेक्ट्रिकल इंजिनिअर. कॅनडातल्या नॉर्थ यॉर्कच्या ऑफिसात दिवसभर मोठमोठ्या ट्रान्सफॉर्मरची ड्रॉइंग्ज काढायचे आणि घरी आले की टोस्टर उघडून बसायचे. टोस्टरला काही झालेलं नसायचं. जे काही व्हायचं ते उघडल्यावर व्हायचं. तर शोध होता गरम स्टिअरिंगचा. आता नव्या गाड्यांमध्ये त्यासाठी बटण असतं. माझी लेक ते दाबते आणि म्हणते, "आई, टच इट, इट्स सो नाइस!" मी आपली हातमोजे घालून बसते. तिला वाटतं म्हातारी हट्टी आहे. हट्टी मी आहेच, पण त्याचं कारण वेगळं आहे.

सत्तरचं दशक नुकतंच लागलं होतं. मुंबईत मी पॅथॉलॉजीच्या लॅबमध्ये नोकरी करत होते, चांगला पगार घेत होते, आणि इथे येऊन नवव्या मजल्यावर रेडिएटरशी गप्पा मारत होते. जिथे अप्लाय करावं तिथे एकच रेकॉर्ड: कॅनेडियन एक्सपीरियन्स आहे का? अहो बाई, रक्त काय कॅनडात वेगळ्या रंगाचं असतं? पण विचारणार कोणाला! सकाळी हे ऑफिसला गेले की संध्याकाळपर्यंत माझ्या तोंडून शब्द फुटायचा नाही. कधीकधी मी उगाच ग्रोसरीच्या दुकानात जायची, काउंटरवरच्या बाईने 'हाय' म्हणावं म्हणून. अशात व्हिटबीच्या एका हॉस्पिटलच्या लॅबने हो म्हटलं. पहाटेची शिफ्ट, त्या वेळेला बस नाही, तेव्हा लायसन्स आणि गाडी घेऊन सोमवारी हजर व्हा, नाहीतर दुसरी बाई तयार आहे. मला ती नोकरी हवी होती. इतकी हवी होती की रात्री झोपेत मी स्लाइड्स मोजायची, असं हे सांगतात.

आणि ड्रायव्हिंग टेस्टमध्ये मी दोनदा नापास झाले होते.

चालवता येत नव्हतं असं मुळीच नाही. भांडण होतं ते त्या स्टिअरिंगशी. आमची गाडी सेकंडहँड, बोटीएवढी लांब, आणि तिचं स्टिअरिंग म्हणजे कडक, गुळगुळीत, बारीक प्लास्टिकचं कडं. हीटर होता, पण तो सगळी ऊब पायाशी ओतायचा, आणि तीही अर्ध्या तासाने. पहिल्या टेस्टला मी जाड हातमोजे घातले, तर वळणावर कडं हातातून सुळकन निसटलं. दुसऱ्या टेस्टला हातमोजे काढले, तर बोटांची लाकडं झाली. सिग्नलनंतर मी एक हात काढून त्यावर फुंकर मारली, मग दुसरा काढून मारली. दोन्ही वेळा परीक्षक तोच, उंच, पांढऱ्या मिशांचा, थंडीपेक्षा गार. दोन्ही वेळा त्याने सुरुवातीलाच व्हीलवर डावा हात कुठे आणि उजवा कुठे धरायचा ते सांगितलं, आणि शेवटी तेच सुनावलं, "मॅडम, तुम्ही व्हील सोडता. व्हील सोडणाऱ्याला मी रस्त्यावर सोडत नाही."

तिसरी टेस्ट शुक्रवारी मिळाली. त्यानंतरच्या सोमवारी नोकरी.

"एवढंच ना?" हे म्हणाले. "स्टिअरिंगच गरम करू."

झालं! जुन्या इलेक्ट्रिक ब्लँकेटच्या पोटातली तार ह्यांनी उपसून काढली, स्टिअरिंगला गोलगोल गुंडाळली, वरून काळी टेप मारली आणि दुसरं टोक सिगरेट पेटवायच्या खोबणीत खुपसलं. रविवारी सकाळी मी पार्किंग लॉटमध्ये गाडीत बसले. खोटं कशाला बोलू, पाच मिनिटांत हात असे गरम झाले की डोळ्यांत पाणी आलं. हे बाहेर छाती फुगवून उभे. मी गाडी काढली आणि डावीकडे वळवली.

गाडी वळली ती वळलीच. स्टिअरिंगबरोबर तारही गुंडाळली गेली, दांड्याला आवळून बसली, आणि आता कडं ना इकडे फिरे ना तिकडे. मी पार्किंग लॉटमध्ये गोल फिरते आहे, मागून हे "ब्रेक! अगं ब्रेक!" ओरडत गोल पळताहेत, आणि तेवढ्यात हॉर्न सुरू झाला तो थांबेचना. नऊच्या नऊ मजल्यांच्या खिडक्यांचे पडदे सरकले. बिल्डिंगचा सुपरिंटेंडंट पायजम्यावर कोट चढवून, हातात बर्फ शोव्हल करायचं फावडं घेऊन धावत आला. शेवटी मला ब्रेक सापडला. गाडीतून जळक्या रबराचा वास येत होता, आणि हे धापा टाकत मला काय म्हणतात, "तू उजवीकडे वळायला हवं होतंस."

"अहो," मी म्हटलं, "आता तुम्ही टोस्टरच बघा. हे मी बघते."

आम्ही अलिबागकडचे बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू. आमच्याकडे कान दुखो, पाठ धरो नाहीतर बाळंतीण असो, एकच उपाय, शेक. फडक्यात काहीतरी गरम बांधायचं आणि लावायचं. माणसाला चालतं ते स्टिअरिंगला का चालू नये? माझ्याकडे फुलाफुलांचा एक जुना परकर होता. तो फाडून मी लांब नळी शिवली, स्टिअरिंगभोवती बसेल एवढी, बांधायला नाड्या लावल्या. अगदी बाळाचं अंगडं! आत काय भरावं? तांदूळ भरणार होते, पण ग्रोसरीची यादी घेऊन हे गेले होते, म्हणजे घरात तांदूळ सोडून सगळं आलं होतं. मग माझी नजर गेली वालांच्या डब्यावर. आईने कोणाच्या तरी हाती पाठवलेले अलिबागचे कडवे वाल. पास झाले की बिरडं करायचं म्हणून मी ते जपून ठेवले होते. म्हटलं, छान झालं, वाल जडही आहेत, ऊबही धरतील. शुक्रवारी लायसन्स घेऊन यायचं, अंगडं उसवायचं आणि वाल भिजत घालायचे. स्वतःच्या अकलेवर मी बेहद्द खूश होते.

आणि चाललं हो ते! रेडिएटरवर तासभर ठेवून अंगडं खाली न्यायचं, स्टिअरिंगला बांधायचं, वीस मिनिटं हात सुखात. सोमवारी संध्याकाळी ह्यांना शेजारी बसवून मी सगळी वळणं घेतली, एकदाही हात सुटला नाही. परत आल्यावर अंगडं सोडून वर आणायचं, पुन्हा रेडिएटरवर.

पण इंजिनिअरला बायकोचं चाललेलं बघवतं का? "कोरडी उष्णता लवकर उडते," हे म्हणाले. "पाण्याची उष्णता धरून ठेवायची शक्ती बघ किती असते." आणि रोज संध्याकाळी अंगड्यावर पाणी शिंपडून, ओल्या टॉवेलात गुंडाळून ते रेडिएटरवर ठेवू लागले. ऊब जास्त टिकायला लागली हे खरंच होतं. त्यामुळे मी गप्प.

आता बघा, ज्या पोरीने लहानपणापासून आईला वाल भिजवून फडक्यात बांधून चुलीशेजारी ठेवताना पाहिलं, त्या पोरीच्या डोक्यात उजेड पडायला नको? नाही पडला! माझ्या डोळ्यांना ते वाल दिसतच नव्हते, दिसत होतं ते व्हिटबी.

बुधवारी मी विचारलं, "अहो, स्टिअरिंग जाड झालंय का?"

"उष्णतेने पदार्थ प्रसरण पावतो," हे म्हणाले.

गुरुवारी घरात वास यायला लागला. रेडिएटरवर अंगड्याशेजारी ह्यांचे लोकरीचे पायमोजे वाळत होते, त्यामुळे मला शंका यायचं कारणच नव्हतं. मी मोजे चिमटीत धरून बाथरूममध्ये फेकले आणि यावरून आमचं कडाक्याचं भांडण झालं. शुक्रवारी टेस्ट सेंटरला जाईपर्यंत आम्ही एकमेकांशी फक्त "लेफ्ट" आणि "राइट" एवढंच बोललो.

तोच परीक्षक गाडीत बसला. परकराच्या फुलांकडे त्याने बराच वेळ पाहिलं.

"हे काय आहे?"

"हीटिंग," मी म्हटलं.

त्याने नाक उडवलं, खिडकी बोटभर खाली केली आणि म्हणाला, "चला."

मी चालवत होते, देवाशपथ सांगते, लोण्यासारखी. सिग्नल, वळण, लेन बदलणं, सगळं ठीक. हात ऊबदार, व्हीलला चिकटलेले. राहिलं फक्त दोन गाड्यांच्या मधे मागे घेऊन लावणं. मी रिव्हर्स टाकला, मान मागे वळवली, स्टिअरिंग पूर्ण फिरवलं, आणि टर्र!

शिवण गेली. आधी एक वाल मांडीवर पडला. मग दोन. मग सगळं अंगडंच उसवलं आणि मोड आलेले, टपोरे, बोटाच्या पेराएवढ्या पांढऱ्या कोंबांचे वाल भसाभसा बाहेर आले. माझ्या मांडीवर, बुटांत, गिअरच्या फटीत, परीक्षकाच्या चकचकीत बुटांवर. वासाचा तर नुसता भपकारा! तेव्हा कुठे मला कळलं की ह्यांचे मोजे निर्दोष होते.

परीक्षकाने दोन्ही पाय सीटवर घेतले. तो थंड माणूस पहिल्यांदाच किंचाळला, "मॅडम! ह्यांना शेपट्या आहेत!"

सगळं सोडून तोंड झाकून घ्यावं असं वाटलं. वाल बाहीत शिरत होते, त्यातला एक कोपरापर्यंत पोचला होता. पण मला तो नववा मजला दिसला, तो रेडिएटर दिसला, 'हाय' म्हणणारी ती काउंटरवरची बाई दिसली. मी व्हील गच्च धरलं. उसवलेल्या परकरातून, वालांच्या चिकट चिखलातून, मी ते कडं फिरवत राहिले, सावकाश मागे घेतली, सरळ केली, कडेला लावली, ब्रेक ओढला. मग म्हटलं, "सर, ही भाजी आहे."

परीक्षकाच्या पॅडवर एक वाल बसला होता. तो त्याने पेन्सिलीने बाजूला सारला, खाली काहीतरी लिहिलं आणि म्हणाला, "मॅडम, बावीस वर्षांत मी असं काही पाहिलं नाही. पण तुम्ही व्हील सोडलं नाहीत." आणि पास केलं.

सेंटरच्या दारात हे उभे होते. माझ्या कोटातून दर पावलाला वाल गळत होते.

"पास?"

"पास!"

ह्यांनी खाली वाकून एक वाल उचलला, उजेडात धरला आणि म्हणाले, "अगं, मोड काय सुरेख आलेत!" मी आधी हसले की आधी रडले ते आता आठवत नाही. रस्त्यावर उभं राहून दोन्ही एकदम केलं असणार.

हिवाळ्यात इथे साडेचारला अंधारायला लागतं आणि शुक्रवारी दिवस मावळला की आमचा शब्बाथ, मग चूल पेटवायची नाही. घड्याळाशी शर्यत लावून दोघांनी गाडीतला वाल न् वाल वेचला. हे चक्क सीटखाली आडवे झाले होते. कोमट पाण्यात घालून सोलले, मग पाणी बदलून बदलून धुतले. तरी परकराचा रंग लागायचा तो लागलाच होता. नारळाच्या रसातलं ते गुलाबी बिरडं आम्ही भातावर घेऊन खाल्लं. तांदूळ शेजारणीकडून आणले होते. पहिल्या घासाला मला आईची फार आठवण आली. "मोज्यांबद्दल माफ करा," मी म्हटलं. "ठीक आहे," हे म्हणाले, "वास थोडा मोज्यांचाही होता."

आनंदाच्या भरात एक गोष्ट आम्ही दोघंही विसरलो. अंगडं फाटलं होतं आणि वाल पोटात गेले होते. सोमवारी पहाटे डबा भरताना माझ्या ते लक्षात आलं. बाहेर अशी थंडी की खिडकीला आतून बर्फ चढलेला. हायवेवरून एवढ्या लांब एकटीने जायचं, आणि ते गार कडं. वळून बघते तर अंथरुणात हे नाहीत! आजच्या दिवशीसुद्धा ह्यांना कुठे उलथायचं होतं? मनातल्या मनात सगळी लाखोली वाहत मी खाली गेले.

गाडीच्या काचा आतून वाफेने पांढऱ्या झाल्या होत्या. मी दार उघडलं. हे ड्रायव्हरच्या सीटवर बसले होते, कानटोपी, मफलर, कोट, सगळा जामानिमा. हातमोजे मात्र बाजूच्या सीटवर, आणि उघडे हात स्टिअरिंगवर.

"काय करताय?"

"बॅटरी बघतोय."

"स्टिअरिंग धरून?"

हे बाहेर आले, आणि किल्ली माझ्या हातात द्यायला गेले, तर बोटं उघडेनात. मलाच एकेक बोट सोडवून ती काढून घ्यावी लागली. बोटं लाल भडक झाली होती.

"जा वर, चहा घ्या," मी म्हटलं.

मी आत बसले, हातमोजे काढले आणि व्हील धरलं. सगळं कडं बर्फासारखं गार होतं. फक्त दोन जागा गरम होत्या, डावीकडे एक आणि उजवीकडे एक, परीक्षकाने सांगितल्या होत्या बरोबर तिथे. व्हिटबी येईपर्यंत मी त्या दोन जागांवरून हात हलवले नाहीत.