थोरल्यांचं नाव

कॉम्प्युटर शिकलेल्या मुलीने बँकेची परीक्षा द्यावी, यावर आमच्या घरी कुणाचंच दुमत नव्हतं. नव्वदचं दशक सरत आलं होतं. वडील स्वतः बँकेत, त्यामुळे मी सुरतेत उधन्याच्या एका डिझाइन स्टुडिओत साड्यांच्या फायली सांभाळायला जाते म्हटल्यावर ते बरेच दिवस माझ्याशी तुटक बोलत होते.

स्टुडिओ खानदेशातल्या दोन भावांचा. त्यांचे वडील मागावर कामाला म्हणून सुरतेत आले. मुलांनी साडीवर छापायची डिझाइन काढायला घेतली, आधी कागदावर, मग कॉम्प्युटरवर. थोरले भाऊ मुंबईत राहून व्यापाऱ्यांना डिझाइन दाखवत, धाकटे इथलं बघत. सारख्या फ्लॉप्या देऊन माणूस मुंबईला धाडायचा कंटाळा आला, तेव्हा त्यांनी एक वेगळं मशीन घेतलं आणि त्यावर जावा भाषेत लिहिलेला वेब सर्व्हर बसवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. थोरल्यांनी तिकडून फोन लावला की आमचा मोडेम केकाटायचा, आणि थोड्या वेळाने इथल्या फायली त्यांच्या पडद्यावर उघडायच्या.

फाइल कुणाला नुसती बघता येईल, कुणाला नवी ठेवता येईल, कुणाला पुसता येईल, हे मी एकेका नावापुढे ठरवून द्यायची. छपाई मिलला नुसतं बघणं. दोघा भावांना सगळं. हे काम मला फार आवडायचं. घरी माझ्या कपाटालासुद्धा कुलूप नव्हतं, आणि इथे सगळ्या किल्ल्या माझ्याकडे.

पासवर्डचं मात्र हसं झालं. प्रत्येकाने आपला वेगळा शब्द ठरवायचा, कुणाला सांगायचा नाही, असं मी मोठ्या थाटात समजावलं. धाकट्यांनी चहावाल्यादेखत कुलदेवीचं नाव सांगितलं. थोरल्यांनी फोनवर तेच. नवं काहीही सुरू करायचं तर आधी देवीचं नाव, ही त्यांच्या घरची रीत.

"अहो, दोघांचा एकच कसा चालेल?" मी विचारलं.

"ताई, देवी एकच आहे ना आमची," धाकटे म्हणाले.

बदला, अधूनमधून बदलत जा, असं मी दोघांच्या कानीकपाळी ओरडत राहिले. ते ऐकून घेत आणि सोडून देत.

मग तो मोरपंखी रंगाचा घोळ झाला. मुंबईच्या एका व्यापाऱ्याला अबोली रंगातलं डिझाइन मोरपंखी हवं होतं. थोरल्यांनी तिथे बसून रंग बदलला आणि ती फाइल त्याच नावाने जुन्या फाइलवर ठेवून दिली. इथल्या एका व्यापाऱ्याने तेच डिझाइन अबोलीत पक्कं केलं होतं. मिलने नेहमीसारखी फाइल उचलली, आणि इथल्या व्यापाऱ्याचा सगळा माल मोरपंखी निघाला. दोघा भावांचं फोनवर कडाक्याचं भांडण झालं. "आते माले काही सांगू नका," म्हणत धाकट्यांनी फोन आपटला. अहिराणी ते फक्त घरच्यांशी बोलत, आणि त्या दिवशी ती साऱ्या स्टुडिओने ऐकली. वेगळं व्हायची भाषा तेव्हापासून सुरू झाली.

दुसऱ्या दिवशी ते माझ्या टेबलाशी आले. "थोरल्यांचं नाव काढून टाका मशीनमधून."

"नुसतं बघायचं ठेवू का?"

"काहीच नको."

मला त्यांचा राग आला. वाटणी करायची तर चार माणसांत बसून करावी, माझ्या हातून कशाला? ज्या माणसाने हा धंदा उभा केला, त्याला मी एका बटणाने बाहेर काढायचं होतं. पण नोकरी त्यांची होती. मी नाव काढलं.

संध्याकाळी मुंबईहून फोन आला. आता थोरल्यांना कळलं असणार, असं मला वाटलं. पण त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. "ताई, मशीन माझं नाव घेत नाही बरं का. मी धाकट्याच्या नावाने गेलो, काम झालं. सवडीने बघा."

आपल्याला कुणी काढलं असेल, हे त्या माणसाच्या मनातही आलं नव्हतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी धाकट्यांना सांगितलं. ते म्हणाले, "माझा पासवर्ड बदलायचाय." मी त्यांना खुर्ची दिली आणि नियमाप्रमाणे पाठ फिरवली. देवीच्या नावाला त्यांना वेळ लागला नव्हता. या वेळी ते बराच वेळ नुसते बसून होते. मग थोडीशीच टकटक ऐकू आली.

पुढच्या दिवशी दुपारी मोडेम केकाटला. आम्ही दोघं तिथेच होतो, आणि दोघांनीही दुसरीकडे बघितलं. जरा वेळाने दुसऱ्या लाइनीचा फोन वाजला, तो मीच घेतला. थोरले हसत होते, आवाज खोलीभर येत होता.

"ताई, शेवटी त्याने तुमचं ऐकलं म्हणायचं. देवीचं नाव चालेना. मग म्हटलं, हा दुसरं काय ठेवणार? भुरी. आमची म्हैस हो, गावाकडची. आम्ही दोघंच तिला चारायला न्यायचो. लागलं लगेच! आता माझं नाव तेवढं दुरुस्त करा."

फोन ठेवला. धाकटे पडद्याकडे बघत उभे होते.

"त्यांचं नाव परत टाका," ते म्हणाले. "सगळं द्या. फक्त जुन्या फाइलवर नवी बसणार नाही, असं काही होतं का?"

"होतं," मी म्हटलं. थोरल्यांच्या नव्या फायलींना वेगळी जागा करून दिली, जुन्यांवर हात चालणार नाही असं केलं. थोरल्यांचं नाव लिहिलं आणि पासवर्डाच्या चौकटीशी थांबले. "इथे काय घालू? चांगला अवघड देते एखादा."

"नको, देवीचंच राहू द्या," धाकटे हळू आवाजात म्हणाले. "दुसरं घातलं तर त्यांना कळेल, मधे काढलं होतं म्हणून."

मी देवीचं नाव टाइप केलं.